संकेतस्थळाची उभारणी : सीएमएस प्रणालीची प्राथमिक ओळख

संकेतस्थळ उभारणे हे केवळ संगणक अभियंत्यांचे काम आहे, ही समजूत आता मागे पडली आहे. ज्याला संगणकावर पत्र लिहिता येते आणि ईमेल पाठविता येतो, अशी कोणतीही व्यक्ती काही आठवड्यांच्या सरावाने आपल्या शाळेचे, वाचनालयाचे वा पतसंस्थेचे संकेतस्थळ उभारू शकते. ‘कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम’, संक्षेपाने सीएमएस, या नावाच्या आज्ञावलींमुळे हे शक्य झाले आहे. मराठीत त्यांना आशय व्यवस्थापन प्रणाली असे म्हणता येईल.

मात्र संकेतस्थळ उभारणे जसे सोपे झाले, तसे ते गमावणेही सोपे झाले आहे. एखादा उत्साही तरुण संस्थेला संकेतस्थळ करून देतो. पुढे तो नोकरीनिमित्त परगावी जातो. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहतात आणि एके दिवशी संस्थेच्या पत्त्यावर भलतीच जाहिरात झळकू लागते. अनेक वर्षांचे अहवाल, छायाचित्रे, व्याख्यानांचे वृत्तांत सारे नाहीसे झालेले असते. म्हणून या लेखात प्रणालीची ओळख करून देताना संस्थेचा मजकूर संस्थेच्याच हाती कसा राहील, या प्रश्नाला मध्यवर्ती स्थान दिले आहे. उदाहरणादाखल गावातील एक सार्वजनिक वाचनालय आणि प्रणाली म्हणून सर्वाधिक वापरात असलेली ‘वर्डप्रेस’ डोळ्यांसमोर ठेवली आहे.

सीएमएसपूर्वीची पद्धत

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत ‘वर्ल्ड वाइड वेब’ची कल्पना मांडली आणि १९९१ साली ते जाल सर्वांसाठी उपलब्ध झाले. त्या काळी प्रत्येक पान ही स्वतंत्र फाइल असे. ती एचटीएमएल या खुणांच्या भाषेत हाताने लिहावी लागे. मथळा कोठे सुरू होतो, परिच्छेद कोठे संपतो, दुवा कोणता, चित्र कोणते, हे या खुणा ब्राउझरला सांगतात.

या पद्धतीत दोष होता तो देखभालीचा. आपल्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर चाळीस पाने आहेत आणि प्रत्येक पानाच्या तळाशी दूरध्वनी क्रमांक आहे असे समजू या. क्रमांक बदलला की चाळीस फाइली उघडून चाळीस ठिकाणी दुरुस्ती करावी लागे. रंग बदलायचा झाला तरी तेच. मजकूर आणि त्याची मांडणी एकाच फाइलीत गुंतलेली असल्यामुळे हे घडत असे.

सीएमएसने ही गुंतागुंत सोडविली. येथे मजकूर एका जागी राहतो आणि मांडणी दुसऱ्या जागी. या प्रणालीचे सारे शिक्षण या एका तत्त्वावर उभे आहे.

प्रणाली कशी चालते?

वर्डप्रेसचे चार भाग ध्यानात ठेवावेत. पहिला भाग म्हणजे डेटाबेस. लेख, पाने, वर्गवारी आणि सदस्यांची नावे हे सर्व कोष्टकांच्या रूपाने येथे साठविले जाते. त्यासाठी मायएसक्यूएल किंवा तिच्याशी सुसंगत असलेली मारियाडीबी ही आज्ञावली वापरतात. दुसरा भाग म्हणजे पीएचपी भाषेत लिहिलेली मूळ प्रणाली. तिसरा भाग म्हणजे थीम, म्हणजेच पानाचा साचा. चौथा भाग म्हणजे अपलोड केलेली छायाचित्रे व अन्य फाइली. त्या डेटाबेसमध्ये नसतात, सर्व्हरवरील एका वेगळ्या फोल्डरमध्ये असतात.

वाचक एखादे पान उघडतो तेव्हा सर्व्हरवरील प्रणाली डेटाबेसमधून त्या पानाचा मजकूर काढते, तो थीमच्या साच्यात बसविते, तयार झालेले एचटीएमएल पान वाचकाच्या ब्राउझरकडे पाठविते. हे सारे बहुधा एक-दोन सेकंदांत होते. पानाच्या तळाशी येणारा दूरध्वनी क्रमांक साच्यात एकदाच लिहिलेला असतो. तो तेथे बदलला की सर्व पानांवर बदलतो. थीम बदलली तर संकेतस्थळाचे रूप पालटते, परंतु लेखातील एक अक्षरही हलत नाही.

तीन प्रमुख प्रणाली

ड्रुपल ही प्रणाली बेल्जियमचे ड्रीस बायटार्ट यांनी २००१ साली खुली केली. पाण्याचा थेंब या अर्थाच्या डच शब्दावरून हे नाव आले. मोठ्या, गुंतागुंतीच्या संकेतस्थळांसाठी ती उत्तम आहे, पण नवशिक्यांना जड जाते.

वर्डप्रेसचा प्रारंभ २७ मे २००३ रोजी झाला. ‘बी-टू’ नावाच्या एका जुन्या आज्ञावलीचे काम थंडावले होते. अमेरिकेतील मॅट मलनवेग आणि ब्रिटनमधील माइक लिटल यांनी तिच्या आधारे नवी प्रणाली घडविली. प्रारंभी ती दैनंदिनीवजा लेखनासाठी होती. २००५ साली थीम आणि स्थायी पाने यांची सोय झाल्यावर ती पूर्ण संकेतस्थळांसाठी वापरली जाऊ लागली. आज जगातील दर पाच संकेतस्थळांपैकी सुमारे दोन वर्डप्रेसवर चालतात.

जूमला ही तिसरी प्रणाली २००५ साली ‘मॅम्बो’ या प्रणालीतून वेगळी झाली. हा शब्द स्वाहिली भाषेतील असून त्याचा अर्थ ‘सर्व मिळून’ असा आहे. मराठी वाचकांना तो परका वाटू नये. एकूण बेरीज या अर्थाने जुन्या जमाखर्चात येणारा ‘जुमला’ आणि हा शब्द दोन्ही एकाच अरबी मुळाचे आहेत.

तिन्ही प्रणाली जीपीएल परवान्याखाली मुक्त आहेत. त्या कोणीही विनामूल्य घ्याव्यात, वापराव्यात, बदलाव्यात आणि इतरांना द्याव्यात, अशी मुभा हा परवाना देतो. खर्च येतो तो डोमेन आणि होस्टिंग यांचा.

नाव आणि जागा

डोमेन म्हणजे संकेतस्थळाचे नाव आणि होस्टिंग म्हणजे त्याच्या फाइली ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेली सर्व्हरवरील जागा. घराचा पत्ता आणि घर या जशा दोन वेगळ्या गोष्टी, तशाच या दोन्ही. त्या एकाच कंपनीकडून घेतल्याच पाहिजेत असे नाही.

डोमेन विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीसाठी त्याची नोंदणी होते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. बहुतेक डोमेन एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदविता येतात. २०१४ सालापासून ‘.भारत’ हा देवनागरी पत्ताही उपलब्ध आहे.

नोंदणी करताना मालक म्हणून संस्थेचे नाव असावे, ती करून देणाऱ्या कार्यकर्त्याचे अथवा व्यावसायिकाचे नव्हे. ईमेलही व्यक्तीचा न देता पदाचा द्यावा, म्हणजे चिटणीस बदलले तरी तो पुढील चिटणीसांकडे जाईल. डोमेनचे खाते, होस्टिंगचे खाते, प्रणालीच्या प्रशासकाचे खाते आणि ही सर्व खाती ज्याला जोडली आहेत तो ईमेल, या संकेतस्थळाच्या चार किल्ल्या होत. कार्यालयाच्या किल्ल्या जशा नोंद करून सोपविल्या जातात, तशी या चार किल्ल्यांचीही नोंद असावी आणि किमान दोन जबाबदार व्यक्तींना त्या ठाऊक असाव्यात.

विनामूल्य मिळणाऱ्या जागेविषयी एक उदाहरण बोलके आहे. जिओसिटीज या सेवेवर जगभरातील असंख्य हौशी लोकांनी १९९० च्या दशकात आपापली पाने उभारली होती. तिची मालकी असलेल्या याहू कंपनीने ऑक्टोबर २००९ मध्ये जपानखेरीज अन्यत्र ती सेवा बंद केली. काही स्वयंसेवकांनी जमेल तेवढ्या पानांच्या प्रती उतरवून घेतल्या. बाकीची पाने गेली. विनामूल्य सेवा सरावासाठी जरूर वापरावी, पण संस्थेचे एकमेव दप्तर तेथे ठेवू नये.

सरावाची जागा

पहिले पाऊल म्हणून प्रत्यक्ष संकेतस्थळावर प्रयोग करू नयेत. ‘वर्डप्रेस प्लेग्राउंड’ या सोयीद्वारे ब्राउझरमध्येच तात्पुरते वर्डप्रेस उघडता येते. तेथे काही बिघडले तरी हानी नाही. त्यानंतर ‘झॅम्प’ ही विनामूल्य आज्ञावली आपल्या संगणकावर घ्यावी. ती पीएचपी, डेटाबेस आणि सर्व्हर हे तिन्ही घटक घरच्या संगणकावर उपलब्ध करून देते. या मार्गाने वर्डप्रेस बसविणाऱ्याला डेटाबेस कोठे असतो आणि फाइली कोठे असतात, हे हाताने केल्यामुळे कळते. होस्टिंग कंपनीच्या पॅनेलवरील एक बटण दाबूनही वर्डप्रेस बसते, परंतु आत काय घडले हे त्यातून कळत नाही.

मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पाने पीएचपी, ड्रुपल यांसारख्या अनेक विषयांचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ विनामूल्य उपलब्ध केले आहेत. प्रकल्पातील अनेक पाठ मराठीतूनही आहेत.

पोस्ट, पान आणि वर्गवारी

वर्डप्रेसमध्ये मजकूर मुख्यतः दोन प्रकारांनी ठेवला जातो. ज्या मजकुराला तारखेचे महत्त्व आहे तो पोस्ट म्हणून लिहावा. व्याख्यानमालेची वार्ता, नव्या पुस्तकांची यादी, सभेची सूचना ही पोस्टची उदाहरणे होत. जो मजकूर कायम राहायचा आहे तो पान म्हणून लिहावा. वाचनालयाचा इतिहास, वेळ, वर्गणीचे नियम आणि संपर्क ही पाने होत. पोस्टची विभागणी वर्गवारीने होते. प्रारंभी चार-पाच वर्ग पुरेत. कागदावर पानांची आणि वर्गांची यादी करून मगच संगणक उघडावा. यादी स्पष्ट नसेल तर संकेतस्थळही स्पष्ट होत नाही.

डिसेंबर २०१८ मधील ५.० या आवृत्तीपासून लेखनासाठी ‘ब्लॉक’ पद्धत आली. परिच्छेद, मथळा, चित्र, कोष्टक हे प्रत्येक वेगळे ब्लॉक असतात. मथळ्यासाठी मथळ्याचाच ब्लॉक वापरावा. परिच्छेदातील अक्षरे ठळक आणि मोठी करून मथळ्याचा आभास निर्माण करू नये. कारण शोधयंत्रे आणि दृष्टिहीन वाचकांसाठी पान मोठ्याने वाचणारी आज्ञावली मथळ्याच्या खुणेवरूनच पानाची रचना ओळखतात. त्याच कारणास्तव प्रत्येक चित्राला एका वाक्याचे वर्णन जोडावे. मोबाइलवर घेतलेली छायाचित्रे अनेक मेगाबाइटची असतात. ती लहान करून मगच चढवावीत, अन्यथा खेड्यातील मंद जोडणीवर पान उघडणार नाही.

कोणाला कोणता अधिकार?

वर्डप्रेसमध्ये सदस्यांच्या पाच भूमिका असतात. प्रशासकाला सर्व अधिकार असतात. संपादक कोणाचाही लेख सुधारू व प्रसिद्ध करू शकतो. लेखक स्वतःचे लेख प्रसिद्ध करू शकतो. योगदाता लेख लिहू शकतो, परंतु प्रसिद्ध करू शकत नाही. ग्राहक सदस्याला केवळ स्वतःचे खाते पाहता येते. नव्या कार्यकर्त्याला योगदात्याची भूमिका द्यावी आणि त्याचा लेख संपादकाच्या नजरेखालून जाऊ द्यावा. सर्वांनी मिळून एकच प्रशासकाचा पासवर्ड वापरणे ही घातक सवय आहे. चूक कोणाच्या हातून झाली हे त्यामुळे कळत नाही आणि कोणी संस्था सोडली तर पासवर्ड सर्वांसाठी बदलावा लागतो.

मराठी मजकुराची विशेष काळजी

एके काळी मराठी संकेतस्थळे ठरावीक फाँटवर अवलंबून असत. त्या पद्धतीत साठविलेली अक्षरे प्रत्यक्षात रोमन असत आणि फाँट त्यांच्यावर केवळ देवनागरीचा मुखवटा चढवीत असे. फाँट नसलेल्या संगणकावर तो मजकूर निरर्थक दिसे आणि शोधयंत्राला तर तो मराठी आहे हेच उमगत नसे. युनिकोडने हा प्रश्न सोडविला. १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरीला स्वतःचे स्थान आहे आणि ‘ॲ’ हे मराठीला आवश्यक असलेले अक्षर २००८ साली त्यात स्वतंत्रपणे समाविष्ट झाले. संस्थेपाशी जुन्या फाँटमधील अहवाल असतील, तर ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून व तपासूनच चढवावेत. रूपांतरात जोडाक्षरे आणि ‘ऱ्या’सारखी अक्षरे हमखास बिघडतात.

डेटाबेस तयार करताना त्याची अक्षरप्रणाली ‘यूटीएफ-८ एमबी-४’ आहे याची खात्री करावी. अन्यथा मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे साठविली जातात आणि तो मजकूर पुन्हा मिळत नाही.

लेखाच्या पत्त्याकडेही लक्ष द्यावे. देवनागरी शीर्षकापासून वर्डप्रेस आपोआप पत्ता तयार करते, पण आत त्यातील प्रत्येक चिन्हाची नऊ रोमन चिन्हे होतात आणि पत्त्यासाठी मर्यादा दोनशे चिन्हांची आहे. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी धरून सुमारे बावीस देवनागरी चिन्हांनंतर पत्ता तुटतो. ‘वाचनालयाचा शतकमहोत्सवी’ एवढ्यातच मर्यादा जवळपास संपते. म्हणून प्रत्येक लेखाला हाताने लहानसा पत्ता द्यावा.

बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. ओळींतील अंतर कमी असल्यास वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. मथळ्याच्या अक्षरांत अंतर सोडणारी थीम असेल, तर शिरोरेषा तुटते. थीम निवडताना तिच्यात मराठी परिच्छेद घालून पाहावा, मगच निर्णय घ्यावा. सेटिंगमध्ये संकेतस्थळाची भाषा मराठी निवडावी. त्यामुळे तारखा व सूचना मराठीत येतात आणि पान मराठी असल्याची खूण ब्राउझरलाही मिळते.

प्लगइन : गरज आणि मोह

प्लगइन म्हणजे प्रणालीला जोडता येणारी लहान आज्ञावली. संपर्काचा अर्ज, दिनदर्शिका, छायाचित्रांचे दालन अशा सोयी तिच्यामुळे मिळतात. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात पन्नास हजारांहून अधिक विनामूल्य प्लगइन आहेत. तथापि प्रत्येक प्लगइन म्हणजे घराला पाडलेले आणखी एक दार होय. त्याची देखभाल थांबली असेल तर त्यातूनच घुसखोरी होते. शेवटची सुधारणा केव्हा झाली हे पाहून, अगदी आवश्यक तेवढेच प्लगइन घ्यावेत. सशुल्क थीमच्या चोरट्या प्रती कधीही वापरू नयेत. त्यांत अनेकदा छुपी आज्ञावली घातलेली असते.

पाने सजविण्यासाठी काही प्लगइन स्वतःच्या खुणा मजकुरात मिसळतात. ते काढून टाकल्यावर मजकुरात विचित्र चिन्हे उरतात. मजकूर आणि मांडणी वेगळी ठेवण्याचे मूळ तत्त्वच तेथे मोडले जाते.

संपर्काच्या अर्जातून लोकांची माहिती गोळा होते. तेव्हा लागेल तेवढीच माहिती विचारावी. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. बालवाचकांची नावे व छायाचित्रे देताना ही जाण विशेषत्वाने ठेवावी.

सुरक्षितता आणि राखीव प्रत

आपल्या छोट्या संकेतस्थळावर कोण हल्ला करणार, असा प्रश्न विचारला जातो. हल्ले बहुधा माणसे एकेक संकेतस्थळ निवडून करीत नाहीत. स्वयंचलित आज्ञावली सर्वच दारे ठोठावीत फिरत असतात. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलने आपल्या सातव्या आवृत्तीतील एक गंभीर त्रुटी जाहीर केली आणि दुरुस्तीही दिली. दोन आठवड्यांनी त्यांच्याच सुरक्षा पथकाने बजावले, की घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती बसविली नसेल, त्यांनी आपल्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आहे असेच गृहीत धरावे. वर्डप्रेस २०१३ सालच्या ३.७ या आवृत्तीपासून सुरक्षेच्या छोट्या दुरुस्त्या आपोआप बसविते. ही सोय बंद करू नये. पासवर्ड दीर्घ असावा, प्रशासकाच्या खात्याला दुहेरी पडताळणी असावी आणि पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणारा असावा. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था विनामूल्य देते.

राखीव प्रतीचे दोन भाग असतात : डेटाबेस आणि फाइलींचे फोल्डर. केवळ डेटाबेस घेतला तर छायाचित्रे जातात. केवळ फाइली घेतल्या तर लेख जातात. दोन्ही घ्यावेत आणि त्याच सर्व्हरवर न ठेवता संस्थेच्या संगणकावर व आणखी एका जागी ठेवावेत. आठवड्याला एक प्रत घेण्याचा नेम उत्तम. सहा महिन्यांतून एकदा ती प्रत झॅम्पवर उघडून पाहावी. जी प्रत कधी उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर विसंबता येत नाही.

आरंभ कोठून करावा?

नवशिक्याने पहिल्या आठवड्यात एचटीएमएलच्या दहा-पंधरा खुणा शिकाव्यात आणि हाताने एक पान लिहावे. दुसऱ्या आठवड्यात घरच्या संगणकावर वर्डप्रेस बसवून दोन पाने व पाच पोस्ट लिहाव्यात. तिसऱ्या आठवड्यात तीन थीम बदलून पाहाव्यात आणि मजकूर जसाच्या तसा राहतो याची खात्री करून घ्यावी. चौथ्या आठवड्यात राखीव प्रत घ्यावी, सारे पुसून टाकावे आणि त्या प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभे करावे. हा चौथा धडा जो स्वतःच्या हाताने करतो, त्याच्या हाती संस्थेचे दप्तर सोपविण्यास हरकत नाही.

त्यानंतर त्याने आणखी एका सहकाऱ्याला हेच चार धडे द्यावेत. संकेतस्थळ एका व्यक्तीच्या उत्साहावर सुरू होते, पण ते टिकण्यासाठी किमान दोन जाणकार हात, चार किल्ल्यांची नोंद आणि एक तपासलेली राखीव प्रत लागते. एवढी तजवीज झाली, की गावच्या वाचनालयाने आज लिहिलेला वृत्तांत वीस वर्षांनी येणाऱ्या वाचकालाही त्याच पत्त्यावर मिळू शकेल.